मी त्या पोराचं नाव टाकलं होतं

परवा शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा स्टेडियममध्ये लोक खुर्च्या उखडून मैदानात फेकतायत. खाली ओळ: 'या नालायकांचे चेहरे नीट बघा. ओळखत असाल तर नाव टाका, सोडायचं नाही.' पाच मिनिटांत अठरा अंगठे. मी गप्प बसलो. हे काम मी एकदा करून बसलोय, त्याचीच ही गोष्ट.

२०११ साली मी कॅनडात, व्हँकुव्हरच्या शेजारी सरेमध्ये राहायचो. दिवसा कॉलेज, संध्याकाळी एका सुपरमार्केटमध्ये कपाटांत माल लावायचा. आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण एप्रिलमध्ये वानखेडेवरची वर्ल्ड कप फायनल आम्ही चौघांनी रात्री दोनला उठून पाहिली होती, त्यामुळे ताप कशाला म्हणतात ते ठाऊक होतं. जूनमध्ये तोच ताप त्या शहराला चढला होता. तिथला आइस हॉकी संघ व्हँकुव्हर कनक्स स्टॅनले कपच्या फायनलमध्ये, सात सामन्यांच्या मालिकेत बोस्टनशी ३-३ बरोबरी, निकाली सातवा सामना घरच्या मैदानावर.

१५ जूनला डाउनटाउनमध्ये मोठ्या पडद्यांसमोर दीड लाखाच्या आसपास माणूस जमलं होतं. मीही होतो. बोस्टनचा तिसरा गोल बसला तसा निघालो, सकाळी लवकर क्लास होता. शेवटी कनक्स ४-० ने हरले. घरी पोचून टीव्ही लावला तर पोलिसांच्या गाड्या जळत होत्या आणि जॉर्जिया स्ट्रीटवरचं हडसन्स बे हे भलंमोठं दुकान फोडून लोक बॅगा, परफ्यूम उचलून नेत होते. १९९४ मध्येही तिथे हेच झालं होतं, तेव्हा न्यूयॉर्ककडून हरल्यावर. नवीन होता तो हातातला फोन. जळत्या गाडीसमोर उभं राहून पोरं फोटो काढून घेत होती, आणि काही महाभागांनी ते स्वतःच फेसबुकवर टाकले!

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक घरून झाडू घेऊन काचा गोळा करायला आले. फुटलेल्या दुकानांना लावलेल्या प्लायवूडवर माफीचे, प्रेमाचे निरोप लिहिले. पोलिसांच्या एका गाडीवर आभाराच्या इतक्या चिठ्ठ्या चिकटवल्या की गाडी दिसेना. फार सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू.

आणि त्याच दुपारी 'ओळखा पाहू' सुरू झालं. फेसबुकवर पानंच्या पानं. त्यातल्या एका फोटोत मला आमच्या दुकानातला पोरगा दिसला. बेकरीत काम करायचा, असेल एकोणीस वर्षांचा. फुटलेल्या काचेपुढे हात वर करून हसत होता. हातात काही नव्हतं. मी खाली त्याचं नाव, आडनाव आणि दुकानाची शाखा लिहिली.

रात्रीपर्यंत दोनशे लाइक. आयुष्यात इतके लाइक मला तोवर कधी मिळाले नव्हते, आणि मला मजा आली होती. सगळ्यात आधी हे कबूल करायला हवं. त्याने काही फोडलं होतं का? फोटोत तरी तसं काही नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं. पुढच्या आठवड्यात तो कामावर आला नाही, त्याच्यापुढच्याही नाही.

पोलीसप्रमुख जिम चू तेव्हा लोकांना सांगत होते, न्याय स्वतःच्या हातात घेऊ नका. ऐकतो कोण? एका अल्पवयीन मुलाच्या घरच्यांना तर काही दिवस घर सोडून राहावं लागलं. आईबापांनी कुठली काच फोडली होती?

'मग काय जाळपोळ करणाऱ्यांना ओवाळायचं का?' असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून सांगतो. पोलिसांनी ५,००० तासांहून जास्त चित्रीकरण तपासलं. पहिल्या आरोपांची शिफारस करायलाच ऑक्टोबरअखेर उजाडली. त्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या दंगलीनंतर तिथली कोर्टं रात्रभर चालली होती, त्यामुळे व्हँकुव्हरचे लोक आपल्या पोलिसांच्या संथपणावर भडकले होते. मीही भडकलो होतो. पण शेवटी सुमारे तीनशे जणांवर खटले झाले आणि २८४ जणांनी गुन्हा कबूल केला. व्हँकुव्हरकडच्या सरकारी वाहन विमा कंपनीने लायसन्सच्या फोटोंवरून चेहरे जुळवून देऊ केले, तर माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनहॅम यांनी बजावलं, आधी कोर्टाचा आदेश हवा. सरकारी कंपनीला आदेश लागतो, मला एक कॉमेंट पुरली. लोकांनी पोलिसांना हजारो फोटो पाठवले, त्याचा उपयोगही झाला. मीही तेवढंच करून गप्प बसायला हवं होतं.

आणि फोटोचं काय सांगावं? त्याच रात्रीचा एक फोटो जगभर गाजला, रस्त्यावर पडून चुंबन घेणारं जोडपं. काय काय प्रेमकथा रचल्या लोकांनी. नंतर कळलं, पोलिसांच्या रेट्यात ती पोरगी खाली पडली होती आणि तो तिला धीर देत होता. दोन वर्षांनी बोस्टनमध्ये मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हौशी गुप्तहेरांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. तो आधीच मरण पावला होता. घरचे त्याला शोधत होते.

मला राहून राहून ईडन गार्डन्स आठवतं. १३ मार्च १९९६, वर्ल्ड कपची सेमीफायनल, श्रीलंकेविरुद्ध १२० वर ८. लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, सामना तिथेच संपवावा लागला. त्या बाटल्या फेकणारे आज आजोबा झाले असतील, सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभात पाठवत असतील. त्यांचे चेहरे कुणाकडे आहेत? त्या रात्रीचा आपल्या सगळ्यांना आठवणारा चेहरा एकच, रडत मैदानाबाहेर जाणारा आपला विनोद कांबळी.

माझी ती कॉमेंट मी महिन्याभरात काढून टाकली. स्क्रीनशॉट कुणाकुणाकडे असतील, देव जाणे.

तीन वर्षांनी तो पोरगा मला स्कायट्रेनमध्ये दिसला. दाढी वाढवलेली, पाठीला सॅक, खिडकीला डोकं टेकून झोपलेला. नाव कुणी लिहिलं हे त्याला कधी कळलं की नाही, कोण जाणे. माझं स्टेशन अजून चार स्टेशनं पुढे होतं. मी पुढच्याच स्टेशनवर उतरलो.