बिननावाचं पदक

अख्खा शनिवार घालवून मी रिकाम्या हातानं परतलो, तर शेजारचे आजोबा म्हणतात, "नीट बघितलंस ना?"

लंडनमध्ये शेजारी बोलत नाहीत, अशी माझी तक्रार होती. मागे घेतो. हे बोलतात, आणि खापरपणजोबांचं पदक नाचवत बोलतात. खापरपणजोबा रॉयल मरीन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिकदलात, शिपाई. १८५४-५५ साली रशियाशी लढायला बाल्टिक समुद्रात गेलेले. "तू कॉम्प्युटरवाला, त्यांची माहिती शोधणं तुला पाच मिनिटांचं काम!"

कडेवर नाव असेल म्हणून मी भिंग काढलं. कड गुळगुळीत. बाल्टिकची पदकं कोरीच देऊन टाकली होती. नावं घातली ती फक्त शंभरेक सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर दलातल्या, लोकांच्या पदकांवर. आमच्या आईनं आमटीच्या वाटीवरसुद्धा नाव, तारीख, 'वास्तुशांतीप्रीत्यर्थ' घालून घेतलंय. आणि व्हिक्टोरिया राणीला, चांदी देऊन, साधी अक्षरं टोचून घेता येऊ नयेत?

"नाव काय त्यांचं?"

"जॉन स्मिथ."

म्हणजे कोल्हापुरात उभं राहून "अहो पाटील" अशी हाक मारायची.

मरीनची त्या काळची कागदपत्रं डिव्हिजनवार लावलेली असतात, म्हणून विचारलं, "डिव्हिजन कुठलं? चॅटहॅम, पोर्ट्समथ, प्लिमथ की वुलिच?"

आजोबांनी डोळे मिटले. "समुद्राजवळचं."

"जहाज?"

"मोठं होतं."

"बोमारसुंदला होते की स्वेआबोर्गला?"

"दोन्हीकडे," आजोबा ठामपणे म्हणाले. पदकाच्या मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या पाठीशी हे दोन्ही किल्ले कोरलेत, एवढाच त्यांचा पुरावा. म्हणजे नोटेवर लाल किल्ला आहे, म्हणून आमचे आजोबा दिल्लीचे.

एवढ्या भांडवलावर मी लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो. तिथं पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. ती घेऊन दिवसभर जॉन स्मिथ उतरवले. चहा, सँडविच, गाडीभाडं माझं. खापरपणजोबा त्यांचे. आमच्या पणजोबांबद्दल वडिलांना दोन प्रश्न विचारायला मला आजवर सवड झालेली नाही, ते जाऊ द्या.

"सापडले नाहीत," मी सांगितलं.

"गुप्त कामगिरीवर असतील," आजोबा म्हणाले आणि खिशातून दुसरं काही काढू लागले. काशाचा तारा. मधोमध स्फिंक्स, मागे पिरॅमिड, '१८८२'. "हा त्यांच्या मुलाचा, इजिप्तचा."

उलटून पाहिलं. खेदिवचा, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचा, मोनोग्राम. नाव नाही.

"याच्याबरोबर चांदीचंही एक मिळायचं," मी म्हणालो. "त्याच्या कडेवर नाव असतं!"

"होतं ना. ते काकानं विकलं. पुढचा शनिवार मोकळा आहे का तुझा?"