अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचा खर्च नेमका कोण भरतं?

गेल्या आठवड्यात सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याची मुलगी ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत येते आहे, एका सरकारी विद्यापीठात. घर तारण ठेवून कर्ज काढलं आहे. विद्यापीठाकडून आलेल्या शुल्काच्या पत्रकात त्याला ‘अ‍ॅथलेटिक्स फी’ अशी एक ओळ दिसली. “ताई, ही चुकून लागली असणार ना? ती कुठे मैदानावर जाते? आणि तिकडे तर खेळाच्या पैशांमुळे उलट फी कमी होते.”

हे तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्याने तो फॉरवर्ड पाठवला. मला तो आधीच तीन ग्रुपांवर आलेला होता आणि मी तिन्ही वेळा न बोलता सोडून दिला होता. सोडायला नको होता.

फॉरवर्डचा सारांश असा: अमेरिकेत कॉलेजच्या सामन्याला लाखभर लोक येतात. तिकिटं आणि देणग्या यांवर खेळ तर चालतोच, वर उरलेल्या पैशांतून विद्यापीठ चालतं आणि विद्यार्थ्यांची फी कमी होते. लोक निरपेक्ष प्रेमाने देतात. संघ जिंकला की देणग्या आपोआप येतात. खेळात चांगल्या असलेल्या मुलाचं शिक्षण फुकट होतं. आणि आपण मराठी माणसं? कॉलेजच्या खेळासाठी आपल्या खिशातून दमडी निघत नाही.

लाखभर लोक येतात, हे खरं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1 लाख 7 हजारांहून जास्त माणसं बसतात. पण भरलेलं स्टेडियम पाहून नफ्याचा हिशेब करणं म्हणजे लग्नाचा मांडव पाहून मुलीच्या बापाकडे पैसा फार, असं म्हणण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी नियामक संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या छत्राखाली साधारण 1,100 कॉलेजं आणि विद्यापीठं येतात. 2019 साली, म्हणजे कोविडच्या आधी सगळं सुरळीत असताना, त्यांपैकी किती ठिकाणी खेळ विभागाने स्वतः कमावलेला पैसा खर्चापेक्षा जास्त होता? 25. अकराशेंपैकी पंचवीस. हा आकडा खेळाच्या कुणा विरोधकाचा नाही, खुद्द एनसीएएचा आहे. आणि हे पंचवीसही सगळे, आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या सर्वांत श्रीमंत अशा पाच गटांतले. बाकीच्यांची तूट भरते कुठून? विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून, काही ठिकाणी राज्य सरकारच्या पैशांतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून.

भावाला लागलेली ओळ ती हीच. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. तिथला पूर्णवेळ पदवीचा विद्यार्थी खेळ विभागासाठी वर्षाला 2 हजार डॉलरहून अधिक शुल्क भरत आला आहे, सामना पाहो वा न पाहो. सगळीकडे रक्कम एवढी नसते, काही ठिकाणी हे शुल्क नसतंही. पण जिथे असतं तिथे ते सक्तीचं असतं, आणि कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते व्याजासकट फेडलं जातं. ‘खेळामुळे फी कमी होते’ हे वाक्य म्हणूनच मला नुसतं चुकीचं वाटत नाही. माझ्या भावासारखा माणूस त्यावर विसंबून हिशेब मांडतो आणि तो हिशेब पहिल्याच सत्रात कोलमडतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसली तरी. मी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहते. आमच्या नेब्रास्का विद्यापीठाचा लिंकनमधला खेळ विभाग विद्यार्थ्यांकडून किंवा सरकारकडून पैसे न घेता चालतो, अशी त्याची अनेक वर्षांची ख्याती आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने असंच एखादं विद्यापीठ पाहिलं असेल. पण अशी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांच्यामागे साठ-सत्तर वर्षांची पुण्याई आहे.

आता ‘निरपेक्ष’ देणगीबद्दल. मोठ्या संघांची चांगल्या जागेची सीझन तिकिटं, म्हणजे अख्ख्या हंगामाची तिकिटं, नुसती किंमत मोजून मिळत नाहीत. आधी खेळ विभागाच्या निधीला दरवर्षी ठरावीक देणगी द्यायची, मग तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. देणगी मोठी तितकी जागा मैदानाच्या मध्याजवळ, गाडी लावायची जागा दाराजवळ. ही चक्क खुर्चीची किंमत आहे. तरीही 2017 पर्यंत या रकमेच्या 80 टक्के भागावर आयकरात वजावट मिळत होती. 2018 पासून ती कायद्याने बंद झाली. डिसेंबर 2017 मध्ये कित्येक विद्यापीठांनी आपल्या देणगीदारांना ‘पुढच्या वर्षाचे पैसे आत्ताच भरून टाका’ असं कळवलं. ज्या प्रेमाला 31 डिसेंबरची मुदत असते, त्याला निरपेक्ष म्हणू नये.

आणि दिलेला पैसा कुठे जातो? टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये फुटबॉल (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं. करार मोडल्याबद्दल त्यांना देणं लागलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक. शिकवण्यासाठी नव्हे, शिकवू नये म्हणून. त्यातला पहिला हप्ता चाहत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या फाउंडेशनच्या निधीतून द्यायचं ठरलं. आता 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचं मिळतंय हे चांगलंच आहे, फार उशिरा मिळतंय. पण त्याचा बोजाही चाहत्यांवरच येतो. टेनेसी विद्यापीठाने तर त्याच्या आधीच फुटबॉलच्या तिकिटांवर 10 टक्के जादा आकार जाहीर केला होता.

‘जिंकलं की पैसा येतो’ हे अर्धं खरं आहे. जिंकण्याने उत्साह येतो, अर्ज वाढतात, देणग्याही वाढतात. पण टिकणारं नातं वेगळ्याच गोष्टींवर उभं असतं. नेब्रास्काच्या फुटबॉल संघाने 2017 ते 2023 या सलग सातही हंगामांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा जास्त सामने गमावले. तरीही 1962 पासून घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना ‘हाउसफुल्ल’ लागण्याची परंपरा तुटली नाही. तिकिटं उरू लागली तेव्हा काही देणगीदारांनी ती विकत घेऊन परिस्थितीने गरीब मुलांना दिली. माझ्या मते त्या मुलांतले निम्मे तरी पुढे आपल्या मुलांना घेऊन येतील. शेजारच्या आयोवा विद्यापीठात 2017 पासून सामन्याचं पहिलं क्वार्टर, म्हणजे पहिला पाव भाग, संपलं की अख्खं स्टेडियम वळून समोरच्या बालरुग्णालयाच्या खिडक्यांकडे हात हलवतं. मी ते एकदा प्रत्यक्ष पाहिलं आणि तेव्हा संघ पुढे आहे की मागे, हे मला अजूनही आठवत नाही.

अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या अलाबामा विद्यापीठाने 2 डिसेंबर 2014 रोजी खर्च परवडत नाही म्हणून फुटबॉल बंद केलं. संघ काही अजिंक्य नव्हता, त्या हंगामात सहा विजय आणि सहा पराभव. तरी चाहते, स्थानिक उद्योजक आणि खुद्द विद्यार्थी एकत्र आले, पैशांची वचनं गोळा केली, आणि सहाच महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. 2017 मध्ये संघ मैदानात परतला. देणगीची ताकद दाखवायचीच होती, तर फॉरवर्डमध्ये हे लिहायला हवं होतं.

फुकट शिक्षणाबद्दल थोडक्यात: हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण 2 टक्क्यांनाच एनसीएएच्या कॉलेजांत खेळासाठी कसलीही शिष्यवृत्ती मिळते, आणि तीही अनेकदा अर्धीमुर्धी. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

राहिला शेवटचा मुद्दा, मराठी माणूस देत नाही हा. याचा मला सर्वांत जास्त राग आला. 1952 साली कुस्तीगीर खाशाबा जाधवांना ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. त्यांच्या गावच्या, गोळेश्वरच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी काढली. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि नंतर त्यांनी कुस्त्या लढवून प्राचार्यांचे पैसे फेडले. कुठली चांगली खुर्ची नाही, करात सवलत नाही.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्या फॉरवर्डखाली मी हे सगळं लिहून टाकलं आहे. भावाला वेगळा फोन केला. ती ओळ चुकून लागलेली नाही, दर सत्राला लागेल, कर्जाच्या हिशेबात आत्ताच धर, असं सांगितलं. आणि ती फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सामन्यांची तिकिटं फुकट किंवा स्वस्तात मिळतात, तेवढं पोरीला विचारून घ्यायला सांग म्हटलं.