राख कोणाच्या वाट्याला?

५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की आपल्या नागपुरात वृक्षारोपणाची साथ येते. एक रोपटं, त्याला धरायला अकरा हात, आणि मागे बॅनरवर रोपट्याहून मोठा पुढाऱ्याचा चेहरा. झाडं लावायला माझी ना नाही. ४५ डिग्रीत राहणाऱ्या माणसाने सावलीला नावं ठेवू नयेत. पण पर्यावरण म्हणजे तुमची-माझी वैयक्तिक वागणूक, ही जी समजूत त्यातून पक्की होत जाते, तिच्याशी माझं भांडण आहे. कापडी पिशवी घ्या, नळ बंद करा, लाइट घालवा. बिघडलं तर तुमच्यामुळेच बिघडलं.

ही समजूत आपोआप आलेली नाही. प्रत्येकाने आपापला ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो तो हिशेब, मोजावा, ही टूम जगभर पोचवली ती बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, २००० नंतरच्या दशकात. तेल काढणारा नामानिराळा आणि स्कूटीत शंभराचं पेट्रोल टाकणारी बाई गुन्हेगार! जाहिरात म्हणून दाद द्यावीच लागेल. माझ्या मते खरं दुखणं तुमच्या-माझ्या सवयीत नाही, भांडवलशाहीत आहे.

आता शहराच्या उत्तरेला चला. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, पलीकडे खापरखेड्याचं केंद्र. आपल्या कोळशात राख फार. ती पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या तलावात सोडतात. पावसाळ्यात बांध टिकला तर टिकला. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा लगदा शेतांत, नदीत गेला. उन्हाळ्यात दुसरीच तऱ्हा. वरचा थर वाळतो, वारा सुटला की उडतो, आणि दोरीवरच्या कपड्यांवर, कूलरच्या ताट्यांवर, माठाच्या झाकणीवर येऊन बसतो. बोट फिरवा, करडी रेघ उमटते. वीज ग्रिडमध्ये जाते; ती कुठल्या मॉलच्या एसीत संपली, हे त्या माठवाल्या घराला कोणी सांगत नाही. आणि एवढं असूनही कोराडीतच ६६०चे आणखी दोन संच टाकायचा प्रस्ताव आला, मे २०२३ मध्ये त्याची जनसुनावणीसुद्धा झाली.

इथे मित्र हमखास अडवतात. “कोराडी तर सरकारी आहे ना बे, यात भांडवलशाही कुठून आणली?”

प्रश्न रास्त आहे. पण पाटीवर सरकारचं नाव असलं म्हणून आतला हिशेब बदलत नाही. धुरातला सल्फर डायऑक्साइड अडवणारी यंत्रणा बसवा, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला. मुदत दोन वर्षांची. मग ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना चक्क सूट मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांलगतच्या केंद्रांना २०२७ अखेरची मुदत उरली. खर्च परवडत नाही, हे त्यातलं नेहमीचं तुणतुणं. तो खर्च वाचला, असं कागदावर दिसतं खरं. पण तो वाचला नाही, दम्याच्या औषधांवर आणि बुडालेल्या रोजीवर चढला. नफा किंवा बचत आपल्या खात्यावर, नुकसान शेजाऱ्याच्या दारात, यालाच मी भांडवलशाही म्हणतो, मालक कोणीही असो. मार्क्सने शेतीबद्दल हेच मांडलं होतं: धान्य शहरात जातं, मातीचा कस मातीत परत जात नाही. आपल्याकडे परत जाते ती राख.

आणि डाव्यांनो, आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. धुरांडं दिसलं की प्रगती दिसली, या बाबतीत आपण कोणाला हार गेलो नाही. सोव्हिएत काळात कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला, तिथे कुठला शेअर बाजार होता? आपल्या युनियनांनीही वर्षानुवर्षं पगारवाढीवर जोर दिला. राखेत उभा राहणारा ठेका कामगार आपल्या मागणीपत्रात शेवटच्या पानावर, तेही जागा उरली तर.

मालकी आणि निर्णय लोकांकडे म्हणजे काय, ते बघायला मॉस्कोला जायची गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, २०११ मध्ये बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक पास देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. कोणता बांबू तोडायचा, कधी, कोणाला विकायचा, हे गाव बसून ठरवतं. जंगल जिथल्या तिथे आहे आणि पैसाही गावात येतो. वीजकेंद्र काही असं ग्रामसभेने चालवता येणार नाही, हे मलाही कळतं. पण राख कुठे टाकायची, यात त्या गावांचं मत सुनावणीपुरतंच का?

“कोळसा बंद करा” एवढंच ओरडून भागणार नाही. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून २०३८ पर्यंत कोळशाची वीज थांबवायचं ठरवलं, तेव्हा कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूदही केली. आपल्याकडे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे. खाणवाल्यांनी रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरायचे, ते खाणबाधितांसाठी वापरायचे. उमरेड-सावनेरच्या पट्ट्यातली खाण उद्या संपली तर ठेक्यावरचा पोरगा कुठे जाईल, याची तजवीज या निधीतून आजच सुरू करा, ही मागणी कोणी करायची? माझ्या मते युनियनवाल्यांनी आणि झाडंवाल्यांनी, एकाच निवेदनावर सह्या करून. दोघं एका टेबलाशी बसायला तयार असतील तर तर्री पोहे माझ्याकडून.