व्होलाटाइल म्हणजे कुलूप नव्हे

‘सी भाषेतली चार गुपितं’ असा एक संदेश सध्या फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण तो वाचून माझ्या भाच्याने प्रोजेक्टमधलं म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्याला, आत सोडणारं कुलूप) काढलं, काउंटरच्या व्हेरिएबलला व्होलाटाइल हा शब्द लावला आणि आता आकडे कमी का भरतात ते मलाच विचारतोय.

पहिलं गुपित: ‘दोन थ्रेड एकच व्हेरिएबल वापरत असतील तर व्होलाटाइल लावा, लॉक नको.’ साफ खोटं. काउंटर वाढवणं म्हणजे तीन कामं: वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. दोन्ही थ्रेडनी ४१ वाचलं तर दोघंही ४२ लिहिणार. एक वाढ गेलीच. व्होलाटाइल कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) एवढंच बजावतं की इथलं वाचन-लेखन गाळू नकोस, आधी वाचलेल्या किमतीवर भागवू नकोस. ही तीन कामं अखंड होतील, असं ते कुठेही म्हणत नाही.

‘निदान फ्लॅगला तरी चालेल ना?’ तेही नाही. साध्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या जागेत, डेटा भरून मग ‘डेटा तयार’ सांगणारा व्होलाटाइल फ्लॅग उभा केलात, तरी बफरचं लेखन फ्लॅगच्या लेखनानंतर ढकलायला कंपायलर मोकळा असतो. सी११ या सी भाषेच्या २०११च्या मानकात हे स्पष्टच आहे: दोन थ्रेड समन्वयाशिवाय एकाच जागी गेले, त्यातला एक जरी लिहीत असला आणि व्यवहार ॲटॉमिक (मध्येच न तुटणारा) नसला, की ती डेटा रेस, पुढे काय होईल याची कसलीही हमी नाही. ॲटॉमिक प्रकारही त्याच मानकाने दिलेत, ते वापरा. जावातलं व्होलाटाइल क्रमाची हमी देतं, गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. पण तिथेही काउंटर असा वाढवला तर चुकतोच! सीमध्ये व्होलाटाइलची जागा हार्डवेअर रजिस्टर (उपकरणाशी बोलायच्या जागा) आणि सिग्नल हँडलर (सिस्टीमचा इशारा आल्यावर चालणारं फंक्शन) यांच्यापाशी.

दुसरं, कॉन्स्ट या ‘इथे लिहू नका’ खुणेबद्दल: ‘कॉन्स्टची किंमत कधीच बदलत नाही.’ मग ‘कॉन्स्ट व्होलाटाइल’ हे जोडपं कशाला असतं? तुम्ही लिहायचं नाही, हार्डवेअर बदलू शकतं, अशा स्टेटस रजिस्टरसाठी. व्हेरिएबल मुळातच साधं कॉन्स्ट असेल तर त्यात जबरदस्तीने लिहिणं चूक, एवढं मान्य.

तिसरं, युनियनबद्दल, म्हणजे एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारचे मेंबर ठेवणाऱ्या रचनेबद्दल: ‘युनियनच्या एका मेंबरमध्ये लिहून दुसऱ्यातून वाचणं बेकायदा.’ तो नियम सी++चा. सीमध्ये तेच बाइट नव्या प्रकाराने वाचले जातात. फ्लोटचे (दशांश संख्येचे) बिट पाहायला हा सरळ मार्ग आहे. बाइट त्या प्रकारात वैध नसतील तर मात्र फसाल.

चौथं, पॉइंटरला (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला) रिस्ट्रिक्ट लावलं की वेग वाढतो. वाढू शकतो, पण या पॉइंटरची जागा दुसऱ्या मार्गाने वापरली जाणार नाही, असं ते तुम्ही कंपायलरला दिलेलं वचन आहे, आणि ते खरं आहे का हे कंपायलर तपासत बसत नाही. मेमरी कॉपी करणारी दोन फंक्शन आहेत: मेमकॉपीच्या पॉइंटरना रिस्ट्रिक्ट आहे, मेममूव्हच्या नाही. एकमेकांवर चढलेले बफर पहिल्याला दिलेत तर कॉपी बिघडू शकते.