पुरुषांचा मेनोपॉज आणि चिनी 'किडनी टॉनिक': त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासूया

मेसेज थोडक्यात असा आहे: पन्नाशीत पुरुषांनाही बायकांसारखा मेनोपॉज येतो, तो किडनी कमजोर झाल्यामुळे येतो, चिनी वैद्यकात त्यावर हजारो वर्षं जुनी एक गोळी आहे, ती नॅचरल असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य आणि ब्लड टेस्टची गरजच नाही. तो वाचून लोक खरंच गोळ्या मागवतायत म्हणून हे लिहावंसं वाटलं.

"बायकांसारखाच मेनोपॉज." नाही. बायकांमध्ये पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते आणि काही वर्षांतच इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन एकदम खाली येतं. पुरुषांमध्ये असं काही थांबत नाही, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष हार्मोन वर्षाला साधारण १ टक्का असं हळूहळू उतरतं आणि बऱ्याच जणांचं म्हातारपणीही नॉर्मलच राहतं. २०१० साली युरोपातल्या ८ ठिकाणच्या ४० ते ७९ वयाच्या ३३६९ पुरुषांचा अभ्यास आला, त्यात लैंगिक लक्षणं आणि कमी हार्मोन दोन्ही असलेले निघाले फक्त २.१ टक्के. बाकीच्यांचा थकवा, चिडचिड, उडालेली झोप खोटी असते असं अजिबात नाही, पण त्यामागे सुटलेलं पोट, डायबेटिस, झोपेत श्वास अडकणं, डिप्रेशन असं काहीतरी वेगळंच असू शकतं.

"किडनी कमजोर होते." इथे लोक उगाच घाबरतात. चिनी वैद्यकातली किडनी म्हणजे वाढ, प्रजनन, हाडं, केस, म्हातारपण हे सगळं सांभाळणारी एक व्यवस्था, तुमच्या रिपोर्टमधल्या, किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनशी तिचा संबंध नाही. 'ह्वांगती नेइचिंग' या जुन्या ग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांच्या आणि पुरुषाचं आठ-आठ वर्षांच्या टप्प्यांत मांडलंय. पुरुषाची उतरण चाळिशीला केस गळण्यापासून सुरू होते आणि चौसष्टीपर्यंत चालते. म्हणजे हळूहळू होणारा बदल तिथेही लिहिलेलाच आहे, आणि मेसेज नेमका त्याच्या उलट सांगतो!

"सगळ्यांना एकच गोळी." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ही त्या परंपरेच्याच विरोधात जाणारी गोष्ट आहे. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतो, जीभ बाहेर काढायला लावतो. जीभ लाल, थर कमी, रात्री घाम, तळवे गरम असतील तर त्याला 'यिन' म्हणजे शरीराला थंडावा-ओलावा देणारी बाजू कमी वाटते. जीभ फिकट, सुजलेली, कडेला दातांचे ठसे, कंबर गार, लघवीला सारखं जावं लागतं, तर 'यांग' म्हणजे ऊब देणारी बाजू कमी. मनावरचा ताण दिसला तर तो किडनी सोडून लिव्हरकडे बघतो. तिघांची औषधं वेगळी. ज्या सहा घटकांच्या 'ल्यू वेइ ती ह्वांग' गोळीला आज पुरुषांचं टॉनिक म्हणून खपवतात ती चीनच्या जुन्या सोंग राजवटीतल्या छ्येन यी या बालवैद्याची, टाळू वेळेवर न भरणाऱ्या लहान मुलांसाठी! तिचं मूळ जे जुनं औषध, त्यातली उष्ण द्रव्यं त्याने मुलांना नकोत म्हणून काढून टाकली होती. इतका विचार करून दिलेली गोष्ट सरसकट वाटायची?

"नॅचरल, म्हणून सेफ." ज्या जुन्या औषधावरून ही गोळी निघाली त्यात बचनाग या विषारी वनस्पतीच्या जातीची मुळी असते, तिचं विष कमी करणारं शोधन नीट झालं नाही तर ते हृदयाची लय बिघडवतं. केस काळे राहावेत म्हणून घेतात त्या 'हशोऊ-वू' या चिनी मुळीने लिव्हरला इजा झालेल्या केसेस नोंदल्या गेल्यात. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि कित्येक बायकांच्या खऱ्या किडन्या निकामी झाल्या. शिवाय 'हर्बल' म्हणून विकलेल्या पुरुषांच्या गोळ्यांत लपवून घातलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रामधलं औषध) वारंवार सापडलंय, आणि छातीत दुखतं म्हणून नायट्रेट घेणाऱ्या माणसाचं बीपी त्याने जिवावर बेतेल इतकं पडू शकतं.

"टेस्टची गरज नाही." आहे. नाडीवरून टेस्टोस्टेरॉनचा आकडा कळत नाही. टेस्ट सकाळी, उपाशीपोटी आणि कमी आली तर वेगळ्या एखाद्या दिवशी परत करायची. आणि आकडा बघून स्वतःच इंजेक्शनं सुरू करू नका, बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. इरेक्शनचा त्रास नव्याने सुरू झाला असेल तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आधी बघून घ्या, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी छातीत दुखायच्या काही वर्षं आधी तिथेच पहिल्यांदा दिसतो.