8000 पास्कल, 1200 वॅट आणि आईचा पंप

‘जुना व्हॅक्यूम क्लीनर आजच भंगारात द्या!’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या फिरतो आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आत्येभावाने टाकला. त्याला तो सोसायटीच्या ग्रुपवरून आला होता, तिथे कुठून आला ते कुणालाच माहीत नाही. त्यात पाच मुद्दे आहेत. लादीवर आपोआप फिरून केर काढणाऱ्या रोबोट व्हॅक्यूमची ओढ 8000 आणि साध्याची फक्त 1200, म्हणजे रोबोट जवळजवळ सातपट ताकदवान. त्यात हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) असल्यामुळे घरातली धूळ संपते आणि दमा-अ‍ॅलर्जीची औषधं हळूहळू बंद होतात. तो लादीही पुसतो, म्हणून कामाला बाई लागत नाही, वर्षभरात पैसे वसूल. एकदा लावला की वळून बघायला नको. आणि अमेरिकेत आता साधा व्हॅक्यूम कुणी वापरतच नाही.

माझी आई डोंबिवलीला राहते. वय 71, सोळा वर्षांपासून दमा. दादा-वहिनी त्याच इमारतीत दोन मजले वर, मी पुण्यात. मेसेज वाचून दादाने आईसाठी रोबोट आणला, जुना व्हॅक्यूम भंगारवाल्याला दिला. आईला यंत्र आवडलं. आणि ‘आता घरात धूळच राहत नाही, मग पंप कशाला’ असं ठरवून तिने सकाळ-संध्याकाळचा दम्याचा पंप (इनहेलर) आपणहून सोडला. आम्हा दोघांना सांगितलंही नाही. तीन आठवड्यांनी रात्री अडीचला वहिनीचा फोन आला, “ताई, आईंना बोलता येत नाहीये, नुसती धाप लागलीय.” दोन दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. आता ती बरी आहे. पण त्या मेसेजबद्दल गप्प बसणं मला जमणार नाही. म्हणून सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासूनच करते, कारण बाकी चार मुद्द्यांनी पैसे जातील, या मुद्द्याने माणूस जाऊ शकतो.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली कायमची सूज. धूळ त्या सुजेला चिडवते, पण समोरची धूळ गेली म्हणून सूज जात नाही. आईकडे दोन पंप आहेत. एक रोज घ्यायचा, तो सूज दाबून ठेवतो. दुसरा धाप लागली तर घ्यायचा, तो आवळलेली नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो. रोजचा पंप बंद केल्यावर त्याच दिवशी काही होत नाही, आणि घात होतो तो इथेच. सुरुवातीचे काही दिवस माणसाला बरं वाटतं, औषधाशिवाय जमतंय असा धीर येतो, आणि आत सूज परत वाढत असते. आईचं नेमकं हेच झालं. ती मला फोनवर सांगत होती, “अगं, रोबोट आल्यापासून किती हलकं वाटतंय!”

आता धुळीचं. दम्याशी ज्या धुळीचा सर्वात जास्त संबंध जोडला जातो ती धुळीतल्या किड्यांची. हा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे बारीक कण खातो आणि पाणी न पिता हवेतली ओल शोषून जगतो. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यासारखी हवा त्याला सगळ्यात मानवते. तो राहतो कुठे? गादीत, उशीत, रजईत, सोफ्याच्या फोमात. म्हणजे जिथे रोबोट जन्मात पोचणार नाही तिथे. आईच्या पलंगाखालून रोबोट रोज दोन फेऱ्या मारतो आणि आई रात्रीचे आठ तास पलंगाच्या वर, कापसाच्या गादीत नाक खुपसून झोपते. हेपा फिल्टरही त्यातून जी हवा जाते तीच गाळतो. एच13 दर्जाचा अस्सल फिल्टर 99.95 टक्के कण अडवतो हे खरं आहे. पण गादीतली हवा त्या फिल्टरमधून जातच नाही.

मग साध्या व्हॅक्यूमने गादी साफ केली तर दमा जाईल का? नाही. हे सांगणं मला भाग आहे, नाहीतर मीही तोच खोटेपणा करीन. 2008 साली उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने एक आढावा प्रसिद्ध केला, पीटर गोत्शे आणि हेले योहान्सन या डॅनिश संशोधकांनी केलेला. घरातल्या धुळीचे किडे कमी करण्याचे सगळे उपाय त्यांनी तपासले: गादीची खोळ, किडे मारणारी रसायनं, सफाई, सगळं. 54 चाचण्या, 3002 रुग्ण. निष्कर्ष असा की या उपायांनी दम्याच्या लक्षणांत, सकाळी फुंकरीचा जोर मोजतात त्या आकड्यात किंवा औषधाच्या गरजेत फरक दिसला नाही. औषधाच्या गरजेत फरक नाही, हे शब्द मी दादाला दोनदा वाचून दाखवले. गाद्या-उशांवर मुद्दाम मेहनत घेऊनही ज्यांचा पंप सुटला नाही, त्यांचा पलंगाखालून फिरणाऱ्या यंत्राने सुटेल असं लिहिणाऱ्याने कुठल्या आधारावर लिहिलं?

शिवाय एक गोष्ट मेसेजमध्ये नाही आणि दुकानातही कुणी सांगत नाही. रोबोटचा धुळीचा डबा बहुतेकदा अर्ध्या लिटरच्या आसपासचा किंवा त्याहून लहान असतो. साध्या मॉडेलमध्ये तो रोज रिकामा करावा लागतो, फिल्टर झटकावा लागतो. आई तो डबा गॅलरीत जाऊन हाताने आपटायची, वाऱ्याने सगळी पिठासारखी धूळ तोंडावर. ज्या बाईला धुळीपासून लांब ठेवायचं म्हणून यंत्र आणलं, तिच्याच नाकापाशी दिवसाची धूळ रोज एकवटून नेऊन दिली आपण. जुन्या व्हॅक्यूमची पिशवीही झटकावी लागायची, मान्य, पण ती महिन्यातून एकदा, आणि ते काम दादा करायचा.

आता 8000 विरुद्ध 1200. हा मुद्दा लिहिणाऱ्याने शाळेतला एकक हा शब्दच विसरून टाकला आहे. 8000 हे पास्कल आहेत, म्हणजे दाब. 1200 हे वॅट आहेत, म्हणजे यंत्र किती वीज खातं ते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून ‘सातपट’ म्हणणं म्हणजे माझी उंची 158 आणि तुझं वजन 70, म्हणून मी तुझ्या दुपटीहून मोठी, असं म्हणण्यासारखं आहे. इंजिनिअर झालेल्या माझ्या आत्येभावाने हे न वाचता पुढे ढकललं याचं मला जास्त वाईट वाटलं.

पास्कलचीच तुलना करायची तर पास्कलशी करा. आईच्या जुन्या यंत्राच्या पुस्तिकेत 18 किलोपास्कल लिहिलेलं होतं, म्हणजे 18,000. आणि खोक्यावरचा पास्कलचा आकडा मोजतात यंत्राचं तोंड बंद असताना, हवा वाहतच नसताना. शहाळं पिताना स्ट्रॉचं खालचं टोक बोटाने दाबून धरा आणि ओढून बघा. गाल आत जातात, जोर भरपूर लागतो, पाणी मात्र थेंबभर येत नाही. धूळ उचलायला दाबही लागतो आणि वाहती हवाही लागते, दोन्ही एकाच वेळी.

वाहती हवा किती हे खोक्यावर सहसा कुणी छापत नाही, पण बॅटरी छापतात, आणि तेवढ्यावर हिशेब होतो. दादाने आणलेल्या यंत्रावर लिहिलंय: 14.4 व्होल्ट, 5200 मिलिअँपिअर-तास, 150 मिनिटं चालतं. 14.4 गुणिले 5.2 म्हणजे सुमारे 75 वॅट-तास. ते अडीच तासांत संपतात, म्हणजे सरासरी 30 वॅट. त्या 30 वॅटमध्ये चाकं फिरवायची, ब्रश फिरवायचा, डोळ्यासारखं काम करणारे सेन्सर चालवायचे आणि उरेल त्यात धूळ ओढायची. सगळ्यात जोराच्या सेटिंगवर तो जास्त वीज घेतो, पण मग अडीच तास चालत नाही, मध्येच चार्जिंगला परततो. खोक्यावर 8000 आणि 150 हे दोन आकडे शेजारी छापलेत, ते एकाच वेळी मिळत नाहीत.

वॅट जास्त म्हणजे सफाई जास्त असंही नाही, हे मी मान्य करते. युरोपीय संघाने सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटच्या वरचे नवे घरगुती व्हॅक्यूम बाजारात आणायला बंदी घातली, आणि कंपन्यांनी कमी विजेवर चांगली यंत्रं बनवून दाखवली. पण 900 कुठे आणि 30 कुठे! गुळगुळीत लादीवरची सुटी धूळ उचलायला 30 वॅट पुरतात. गादीच्या विणीतून, जाड सतरंजीतून, खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेत चिकटलेल्या काळ्या थरातून धूळ ओढायला पुरत नाहीत.

आणि पुरले असते तरी तो तिथे चढणार कसा? साधा व्हॅक्यूम आपण कशासाठी वापरतो ते जरा आठवून बघा. गाद्या, सोफ्याच्या फटी, पडदे, डासांची जाळी, कपाटाचा माथा, पुस्तकांचे कप्पे, माळा, कोपऱ्यातली जळमटं, गाडीच्या सीटा. दिवाळीच्या आधीची सगळी साफसफाई. त्यातलं एकही काम लादीवरचं नाही. लादीला आपल्याकडे व्हॅक्यूम कधी लागलाच नव्हता, तिथे केरसुणी होती. म्हणजे रोबोट जागा घेतो ती केरसुणीची, व्हॅक्यूमची नव्हे, आणि ‘जुना व्हॅक्यूम भंगारात द्या’ हा सल्ला तिथेच कोसळतो.

केरसुणीची जागा तरी पूर्ण घेतो का? इथे मला थोडं मागे यावं लागेल, कारण माझ्या स्वतःच्या घरी तीन वर्षं रोबोट आहे आणि मी तो विकणार नाही. पलंगाखाली, सोफ्याखाली, जिथे वाकून हात पोचत नाही तिथून तो रोज केर काढतो. आईचे गुडघे गेलेत, तिला वाकता येत नाही, तिच्या पलंगाखाली आधी आठवडाभराचे केसांचे पुंजके साठायचे ते आता साठत नाहीत. शेजारी इमारत पाडून नवी उभी राहतेय, त्या सिमेंटच्या धुळीत रोजची फेरी कामाची आहे. हे खरं आहे. मेसेजने एवढंच म्हटलं असतं तर मी काही लिहिलं नसतं.

लादी पुसण्याबद्दल फार लिहीत नाही. त्याची पाण्याची टाकी लहान, तो ओलं फडकं फिरवून वरची धूळ टिपतो. स्वयंपाकघरातला तेलकट थर, वाळून घट्ट झालेलं वरण, बाथरूमसमोरचे पाऊलखुणांचे डाग त्याला निघत नाहीत. महागड्या यंत्रांचं फडकं चार्जिंगच्या तळावर धुतलं जातं, पण ते घाण पाणी तुम्हालाच ओतावं लागतं, आणि पावसाळ्यात दोन दिवस राहिलं तर त्याचा वास घरभर पसरतो. टाकीत फिनेल घालू नका, असं दादाच्या यंत्राच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. आईने पहिल्याच दिवशी घातलं होतं. आणि ज्यांना मेसेजमध्ये नुसतं ‘बाई’ म्हटलंय त्या आईकडच्या मावशी लादीबरोबर भांडी घासतात, कपडे वाळत घालतात, आणि त्या दिवशी रात्री आईची धाप पाहून वहिनीला वर जाऊन उठवणाऱ्याही त्याच होत्या, कारण हवा खराब वाटली म्हणून त्या मुक्कामाला थांबल्या होत्या. त्यांचा पगार वाचवून यंत्राचे पैसे वसूल करायचा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

‘वळून बघायला नको’ या मुद्द्याला उत्तर त्या पुस्तिकेतच आहे. वायरी उचला, पडद्यांची टोकं वर बांधा, ब्रशला गुंडाळलेले केस आठवड्याला कापून काढा, सेन्सर कोरड्या कापडाने पुसा, फिल्टर काही महिन्यांनी बदला, सांडलेल्या पाण्यावरून नेऊ नका. उंबरठा दोन सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर तो ओलांडत नाही. आईच्या घराला जुने सागवानी उंबरठे आहेत, तो उचलून खोलीखोलीत ठेवावा लागतो. दारातली रांगोळी त्याने एकदा हॉलभर पसरवली. सतरंजीच्या दशा ब्रशमध्ये अडकल्या. गडद काळ्या गालिच्याला तो खड्डा समजतो आणि काठावरून मागे फिरतो, कारण त्याचे खालचे सेन्सर परत येणाऱ्या प्रकाशावरून जमीन ओळखतात आणि काळा रंग प्रकाश परत पाठवत नाही.

अमेरिकेचं शेवटचं. तिथे रोबोट खूप विकले गेले हे खरं, 2002 मध्ये आयरोबोट कंपनीने रूंबा आणला तेव्हापासून. तीच कंपनी डिसेंबर 2025 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयात गेली. त्याचं कारण लोकांनी रोबोट टाकले हे नव्हे, तिला चिनी कंपन्यांची स्पर्धा झेपली नाही, म्हणून या गोष्टीचा मी माझ्या बाजूने वापर करणार नाही. पण माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते, तिच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे, रोबोट आहे आणि उभा व्हॅक्यूमही आहे. दर शनिवारी ती दुसराच चालवते.

आईकडे रोबोट अजून आहे. सकाळी अकराला ती देवळात गेली की मावशी तो लावतात. डबा दादा रिकामा करतो, खाली अंगणात नेऊन, पिशवीत. गादीसाठी दुसरा साधा व्हॅक्यूम आणलाय, तो चालू असताना आईने दुसऱ्या खोलीत बसायचं असं ठरलंय. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. आणि पंप सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वहिनी समोर उभी राहून घ्यायला लावते.

आत्येभावाने आमच्या ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला, पण तोवर तो त्याने आणखी दोन ग्रुपवर पाठवला होता. तुमच्याकडेही आला असेल. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी पंप घेणारं कुणी असेल तर त्यांना आजच फोन करा आणि विचारा, पंप चालू आहे ना.