नारंगाचा 'न' कुणी खाल्ला?

रविवारी डझनभर संत्री आणली. चिरंजीवांनी एक सोललं, तीन फोडी एकदम तोंडात कोंबल्या आणि रस गाळत विचारलं, "बाबा, ऑरेंजला ऑरेंज का म्हणतात?"

"आईला विचार," मी म्हणालो.

"त्यांनाच विचार," आतून आवाज आला. "उगाच का ते कोश दोन वर्षं धूळ खातायत!"

टोमणा वर्मी लागला. कोश काढला.

इंग्रजीनं हा शब्द जुन्या फ्रेंचकडून घेतला. त्या भाषेत 'ओर' म्हणजे सोनं, म्हणून शब्दानं तसं वळण घेतलं. इटलीत मात्र चोरी झालेली! तिथे फळ होतं 'नारांचा'. त्याच्या आधी 'एक' या अर्थाचं 'ऊना' लागायचं. ऊना नारांचा, ऊन-नारांचा म्हणता म्हणता त्या 'एका'नं फळाचा 'न' गिळला. स्पॅनिशमध्ये तो अजून शाबूत आहे. त्यामागे अरबी 'नारंज', फारसी 'नारंग' आणि शेवटी संस्कृत 'नारङ्ग'. त्याच्याही मागे कुणी द्राविड आजी असावी म्हणतात, पण तोवर माझी छाती पुरेशी फुगली होती.

"अरे, ऑरेंज हा आपलाच शब्द आहे! नारिंग!"

"मग संत्रं?"

मुलांना शाळेत घालूच नये. पुन्हा कोश. संत्रं म्हणे पोर्तुगालचं, लिस्बनजवळच्या सिंत्रा गावावरून आलेलं. मोसंबीचं मूळ मोझांबिक. ग्रीक लोक संत्र्याला पोर्तुगालच्या नावानं ओळखतात, तर डच त्याला चिनी सफरचंद म्हणतात. आमच्या सोसायटीत भिंत ओली झाली की जो तो वरच्या मजल्याकडे बोट दाखवतो, तसं हे चाललेलं.

"म्हणजे इंग्रज आपला शब्द वापरतात आणि आपण पोर्तुगीजांचा?"

मी चष्मा पुसला. तेवढ्यात कोशावर टपकन रस पडला, तोही नेमका 'न'च्या पानावर. टोपलीत पाहिलं तर दोनच संत्री उरलेली, त्यातलं एक दबलेलं.

"आता आणा आणखी," आतून हुकूम.

शब्दाला न्याय द्यायचाच म्हणून कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला ऐटीत विचारलं, "नारिंग कसं दिलं?"

त्यानं मला खालून वर न्याहाळलं.

"ते नसतं आपल्याकडे, साहेब. ऑरेंज घ्या. नागपूरचं आहे."